माडीवरील हत्ती

लंडन शहरांत स्ट्रँड या नांवाचा एक जुना आणि सदैव गजबजलेला रस्ता आहे. त्याच्या उत्तर बाजूस, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इ. स. १८२९ पर्यंत, एक्सिटर चेंज नांवाची एक इमारत उभी होती. खालच्या मजल्यावर किरकोळ मालाचीं दुकानें होतीं. गिऱ्हाईक मोज्यांच्या जोडीचा भाव करीत असतां वरून सिंहाची गर्जना ऐकूं यावी आणि बाहेर रस्त्यावर गाडीचे घोडे बुजावेत, असा तेथील नित्याचा प्रकार होता. कारण या इमारतीच्या माडीवर वाघ, सिंह, तरस, वानरें आणि नाना देशांचे पक्षी पिंजऱ्यांतून मांडून ठेवलेले होते. दारावर राजवाड्याच्या पहारेकऱ्यासारखा पोशाख केलेला एक मनुष्य उभा असे, व तो येणाऱ्याजाणाऱ्यांस वर येण्याविषयीं हाकारीत असे. एक शिलिंग मोजावा, जिना चढावा, आणि आफ्रिका व हिंदुस्थान येथील अरण्यांचे राजे हातभर अंतरावरून पाहावेत.

रस्त्याच्या कडेला, वाटसरूंच्या करमणुकीसाठीं आणि मालकाच्या किफायतीसाठीं मांडलेल्या अशा प्रदर्शनांस आज इंग्रजी बोलणारे लोक ‘रोडसाइड झू’ म्हणतात. हा शब्द मोटारींच्या युगांतला असला तरी वस्तु जुनी आहे, आणि तिच्या वंशावळींत स्ट्रँडवरील ही माडी बरीच वरच्या पायरीवर येते. या माडीवर सुमारें चौदा वर्षें राहिलेल्या एका हत्तीची हकीकत मी सांगणार आहें. हत्ती आपल्या देशांतील होता, एवढ्यामुळेंच ती सांगतों असें नाहीं. बंदींतील वन्य पशूच्या हालअपेष्टांचीं कारणें तिच्यांत जितकीं उघडीं दिसतात तितकीं क्वचित् कोठें दिसतात.

वन्य पशु बाळगण्याची हौस मूळची राजांची. लंडनच्या टॉवरमध्यें १२३५ च्या सुमारास सम्राट् फ्रेडरिक याजकडून नजराणा म्हणून तीन चित्ते-बिबळे येऊन दाखल झाले, आणि १२५५ मध्यें फ्रान्सच्या नवव्या लुईनें एक हत्ती पाठविला. तो बिचारा दोनच वर्षें जगला. आपल्याकडेहि ही हौस होतीच. पुण्यांत सवाई माधवरावांच्या पदरीं शिकारखाना होता, आणि त्यांतील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारानें १७९० मध्यें काढलेलें आहे. योगायोग असा कीं, त्याच सुमारास लंडनमध्यें जॉर्ज स्टब्ज हा नामांकित चित्रकार दुसऱ्या एका गेंड्याचें चित्र रंगवीत होता. हा दुसरा गेंडा गिल्बर्ट पिडकॉक नांवाच्या इसमाच्या मालकीचा होता, आणि हाच पिडकॉक पुढें एक्सिटर चेंजच्या माडीचा धनी झाला.

दोन्ही गेंडे बंदिवानच. परंतु पुण्याचा गेंडा हा पेशव्यांच्या वैभवाचें चिन्ह होता आणि लंडनचा गेंडा हें एका व्यापाऱ्याचें भांडवल होतें. हा फरक लहान नव्हे. दरबारच्या जनावराचा खर्च खजिन्यांतून होई. तो वाढला तर कारभारी कुरकुरत, एवढेंच. व्यापाऱ्याच्या जनावराचा प्रत्येक घास नफ्यांतून वजा होत असे. त्याला मोठा पिंजरा द्यावा तर भाड्याच्या जागेंत तेवढे दुसरे पिंजरे कमी बसत. राजा फार दयाळू असे, असें माझें म्हणणें नाहीं. दाराशीं शिलिंग गोळा करूं लागतांच जनावराचें सुख हा जमाखर्चांतील तोट्याचा आंकडा होऊन बसतो, इतकेंच मला दाखवावयाचें आहे.

हीं जनावरें लंडनास पोंचत कशीं? ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना व अधिकाऱ्यांना थोडा खाजगी माल नेण्याची मुभा असे, आणि पोपट, वानरें, वाघाचे बच्चे हाहि माल होता. बंदरावर दलाल टपून असत. मुंबईकर श्रोत्यांना या संदर्भांत एक गोष्ट आठवेल. घारापुरीचा दगडी हत्ती विलायतेस नेण्याचा प्रयत्न १८६४ मध्यें झाला. उचलतांना तो निसटून पडला, फुटला, आणि म्हणून येथेंच राहिला. सांधून जोडलेला तो हत्ती भायखळ्यास, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. हाडामांसाचे हत्ती मात्र त्यापूर्वींच सुखरूप पोंचत असत.

असाच एक तरुण हत्ती १८११ च्या सुमारास लंडनास आला. त्याचें नांव चुनी. त्या वर्षाच्या नाताळांत कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाच्या एका खेळांत त्याला रंगभूमीवर आणण्यांत आलें. पुढें पोलिटो नांवाच्या गृहस्थानें त्याला विकत घेऊन एक्सिटर चेंजच्या माडीवर चढविलें, आणि पोलिटोच्या पश्चात् तो एडवर्ड क्रॉस याच्या ताब्यांत आला. चुनी गरीब स्वभावाचा व शिकाऊ होता. तो प्रेक्षकाच्या डोक्यावरील टोपी सोंडेनें अलगद उचली आणि परत ठेवी. हातांतील नाणें घेई आणि परत देई. १८१३ मध्यें कवि बायरन हा त्याला पाहावयास गेला होता, आणि असा नोकर आपल्या घरीं असता तर बरें झालें असतें अशा आशयाची नोंद त्यानें आपल्या रोजनिशींत केली. लेंकरांना तर चुनी म्हणजे स्ट्रँडवरील जिव्हाळ्याचा सोबतीच वाटे.

पण हत्ती वाढतो. व्यापाऱ्याच्या हिशेबांत न बसणारी गोष्ट ती हीच. पाठीवर हात फिरवावा असें पोरगेलें जनावर पांचसात वर्षांत भिंतीएवढें होतें, आणि भिंतीएवढें झाल्यावरहि कित्येक वर्षें वाढतच राहतें. चुनीचें वजन शेवटीं पांच टनांच्या घरांत गेलें होतें. ओकच्या जाड तुळया, त्यांवर लोखंडी पट्ट्या, असा त्याचा पिंजरा होता, आणि हें सारें ओझें खालच्या दुकानांच्या डोक्यावर होतें. अरण्यांतील हत्ती दिवसाचे सोळासतरा तास चरत हिंडतो. चिखलांत लोळतो, पाणी अंगावर उडवितो, आपल्या कळपांतील इतरांशीं सोंडेनें बोलतो. यांतील एकहि गोष्ट त्या माडीवर होण्यासारखी नव्हती. होतें तें एवढेंच: सकाळीं दार उघडे, टोपी उचलावयाची, टोपी ठेवावयाची, संध्याकाळीं दार लागे.

त्यांत आणखी एक गोष्ट होती. नर हत्ती वयांत आला म्हणजे त्याला वर्षांतून एकदां मद येतो. डोळा आणि कान यांच्या मधील ग्रंथींतून स्राव वाहूं लागतो, खाण्यावरून त्याचें मन उडतें, आणि एरव्हीं माहुताच्या शब्दांत वागणारा हत्ती त्यालाहि जुमानीत नाहीं. हा रोग नव्हे; निरोगी नराचा तो शरीरधर्म आहे. संस्कृत कवींनीं त्या झरणाऱ्या गंडस्थळांवर भुंग्यांचे थवे बसविले, आणि आपल्याकडील माहुतांनीं त्यावर कवींपेक्षां उपयुक्त असा विचार केला. अशा वेळीं हत्तीला वस्तीपासून दूर, सावलींत, भक्कम साखळदंडानें बांधावें, खुराक कमी करावा आणि दिवस जाऊं द्यावेत. यालाहि सुखाची स्थिति म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु त्यांत निदान जनावराची ओळख आहे. स्ट्रँडवर ‘दूर’ अशी जागाच नव्हती. तेथें चुनीला दरसाल जुलाबाचीं भारी औषधें पाजीत. शिवाय त्याचा एक सुळा मुळाशीं सडलेला होता. दाढ दुखूं लागली म्हणजे माणूस घरांतल्या माणसांवर खेंकसतो. येथें दुखणारा दांत हत्तीचा होता, आणि त्याची वेदना कोणास कळण्यासारखी नव्हती.

त्याच्यामुळें एक रखवालदार मरण पावला. १८२६ च्या फेब्रुवारी अखेरीस त्याचा दरसालचा मद अनावर झाला आणि तो पिंजऱ्यावर धडका देऊं लागला. तुळया हलूं लागल्या. त्या तुटल्या असत्या तर शेजारचे सिंह-वाघ मोकळे झाले असते, किंवा सगळी माडीच खालीं आली असती. मालकाची भीति खोटी नव्हती. चुनीला तेथून सुखरूप बाहेर काढण्याची सोय मात्र नव्हती. बुधवारीं, १ मार्च रोजीं, प्रथम खाण्यांतून विष देऊन पाहिलें. त्यानें तें नाकारलें. मग जवळच्या सॉमरसेट हाउसमधील पहाऱ्यावरून बंदुका घेऊन शिपाई बोलाविण्यांत आले.

पुढचा प्रकार सांगावयास जड आहे, पण तो सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. ज्या रखवालदाराच्या आज्ञेंत चुनी इतकीं वर्षें वागला होता, त्यानें त्याला गुडघे टेकण्यास सांगितलें, आणि अंगावर गोळ्या येत असतांहि चुनीनें गुडघे टेकले. तासाभराहून अधिक वेळ बंदुका चालल्या. १५२ गोळ्या मोजण्यांत आल्या. बंदुकांच्या आवाजापेक्षां त्या जनावराच्या आक्रोशानें लोक अधिक घाबरले, असें त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं लिहून ठेविलें. बंदुकांनीं जें साधेना तें शेवटीं धारदार शस्त्रानें उरकण्यांत आलें.

माडीचा धंदा त्या दिवशींहि बंद राहिला नाहीं. मेलेला हत्ती पाहावयास शेंकडों लोक नेहमींचा शिलिंग देऊन वर गेले. वैद्यकशाळांतील अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं शवाचें विच्छेदन केलें, तेंहि लोकांनीं पैसे देऊन पाहिलें. कातडें एका चांभारकाम करणाऱ्या कारखानदारानें ५० पौंडांस घेतलें; हाडांचा सांगाडा १०० पौंडांस गेला, आणि पिकॅडिलींतील एका प्रदर्शनगृहांत लोकांना दाखविण्यांत आला. नंतर तो रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयांत आला, आणि १९४१ मध्यें जर्मन बाँबहल्ल्यांत नष्ट झाला. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहानें चुनीच्या मरणावर एक नाटकहि केलें. ‘टाइम्स’ पत्रांत मात्र निषेधाचीं पत्रें आलीं. कित्येकांनीं त्याला मारण्याच्या पद्धतीस दोष दिला. कांहीं थोड्यांनीं पुढें जाऊन विचारलें, कीं असलें जनावर असल्या जागेंत ठेवूंच कां दिलें?

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता, आणि त्याला त्या काळच्या कायद्यांत उत्तर नव्हतें. उत्तर नव्हतें म्हणजे दयेचा विचार देशांत नव्हता असें नाहीं. चारच वर्षांपूर्वीं, १८२२ मध्यें, रिचर्ड मार्टिन या आयरिश सभासदानें पार्लमेंटची थट्टामस्करी सोसून जनावरांच्या छळाविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला होता. १८२४ मध्यें स्ट्रँडपासून थोड्याच मिनिटांच्या अंतरावर, सेंट मार्टिन्स लेनमधील एका कॉफीगृहांत प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या संस्थेची स्थापना झाली होती. ही संस्था आजहि आहे. परंतु मार्टिनच्या कायद्यांत घोडे, खेंचरें, गाढवें, गाईबैल, मेंढ्या अशी नामावळी होती. गाडीवान घोड्यास चाबकानें बडवी तर त्याला दंड होई. त्याच घोड्याच्या डोक्यावर, माडीवर, कोंडलेल्या हत्तीचा त्या नामावळींत पत्ता नव्हता.

ही उणीव किती दूरवर जात होती याचें प्रत्यंतर १८२५ च्या जुलैंत वॉरिक येथें आलें. जॉर्ज वूम्बवेल नांवाचा एक मनुष्य जनावरांनीं भरलेल्या गाड्या गांवोगांवच्या जत्रांतून फिरवीत असे. त्यानें आपल्या नीरो नांवाच्या सिंहावर बुलडॉग कुत्रे सोडण्याचा जाहीर तमाशा केला. नीरो माणसांच्या हातीं वाढलेला, शांत. तो लढेना, नुसता मार खात राहिला. म्हणून कांहीं दिवसांनीं वॉलेस नांवाचा दुसरा, तापट सिंह उभा करण्यांत आला. सभ्य लोकांनीं पत्रें लिहिलीं, विनवण्या केल्या. कायदा कांहीं करूं शकला नाहीं. असल्या झुंजींचे आखाडे पुढें १८३५ च्या कायद्यानें बंद झाले, आणि त्या कायद्यानें पाळीव व रानटी असा भेद झुंजीपुरता तरी मानला नाहीं. पिंजऱ्याला मात्र त्यानें हात लावला नाहीं.

चुनीच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आंत, एप्रिल १८२६ मध्यें, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. हा केवळ चुनीचा परिणाम असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. सर स्टँफर्ड रॅफल्स यांची ती योजना आधींपासून चालली होती, आणि तिचा हेतु शास्त्रीय अभ्यासाचा होता. रीजंट्स पार्कमधील त्यांची बाग १८२८ मध्यें सभासदांसाठीं, आणि १८४७ मध्यें सर्वांसाठीं उघडली. शिलिंगाच्या माडीहून कांहीं निराळें असूं शकतें, एवढें तिनें दाखविलें. एक्सिटर चेंज १८२९ मध्यें पाडण्यांत आलें. क्रॉसनें आपलीं जनावरें हालविलीं, आणि १८३१ मध्यें दक्षिण लंडनमध्यें स्वतःची मोठी बाग काढली. मला हा मनुष्य दुष्ट वाटत नाहीं. त्याला जनावरांची माहिती होती, आणि बहुधा त्यांची आवडहि होती. म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. मालक दुष्ट असता तर तो बदलून भागलें असतें.

वूम्बवेलच्या गाड्या मात्र फिरतच राहिल्या, आणि त्याच्यासारख्या इतरांच्याहि. न्यायालयांत प्रकरणें गेलीं कीं प्रश्न एकाच शब्दावर येऊन अडे. छळाविरुद्धचे कायदे ‘पाळीव’ प्राण्यांचे. पिंजऱ्यांत जन्मलेला, माणसाच्या हातून खाणारा, चाबकाच्या इशाऱ्यावर खेळ करणारा सिंह पाळीव कीं रानटी? १८९४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, असे सिंह पाळीव नव्हेत. अर्थात् त्यांचा छळ हा त्या कायद्याखालीं गुन्हाच होत नव्हता. रानांत असता तर त्याला पाय होते, गोठ्यांत असता तर त्याला कायदा होता. पिंजऱ्यांत त्याला दोन्ही नव्हते. ही फट बुजविणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें १९०० सालीं केला. चुनीला मरून तेव्हां ७४ वर्षें झालीं होतीं.

येथें एक नवल सांगितलें पाहिजे. हिंदुस्थानांत लागू असलेल्या १८९० च्या प्राणिछळप्रतिबंधक कायद्यांत ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्याच ‘पाळीव अथवा पकडलेला’ अशी होती. म्हणजे जें संरक्षण स्वदेशांतील पिंजऱ्यांतल्या सिंहास पार्लमेंटनें १९०० मध्यें दिलें, तें येथील सिंहास कागदावर दहा वर्षें आधींच मिळालें होतें! कागदावर, असें म्हणण्याचें कारण उघड आहे. हे कायदे मारहाण पाहत, जखम पाहत, अतिभार पाहत. पिंजरा किती लांबरुंद असावा, त्यांत पाणी असावें कीं नाहीं, पायांखालीं माती असावी कीं फरशी, याविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. चुनीला कोणी मारहाण करीत नव्हतें, हें लक्षांत ठेवावें.

विसाव्या शतकांत हाच धंदा अमेरिकेंत नव्या वेषानें उभा राहिला. मोटारी वाढल्या, लांबच लांब हमरस्ते झाले, आणि रस्त्यावरील पेट्रोलपंप व खाणावळी गिऱ्हाइकास थांबविण्याच्या युक्त्या शोधूं लागल्या. दाराशीं पिंजऱ्यांत एखादें अस्वल ठेवलें कीं मुलें गाडी थांबवावयास लावीत. पुढें वाघ आले. तेथील केंद्र सरकारनें १९६६ मध्यें प्रयोगशाळांतील प्राण्यांविषयीं एक कायदा केला, आणि १९७० मध्यें तो प्राणी दाखवून पैसे मिळविणाऱ्यांसहि लावला. परवाना आला, तपासनीस आले. परंतु कायद्याची मागणी अगदीं किमान होती: जनावराला स्वाभाविकपणें उठतां-बसतां, वळतां यावें, जरा हालतां यावें, इतपत जागा. आणि दाखविण्यासाठीं नव्हे तर निव्वळ हौसेसाठीं वाघ पाळणाऱ्यास हा कायदा लागूच नव्हता. तें त्या त्या राज्याच्या मर्जीवर होतें.

यांतूनच एक विशेष किफायतशीर व्यवहार निघाला. वाघाचें पिल्लूं मांडीवर घेऊन छायाचित्र काढून घेण्यास लोक मोठी रक्कम देत. पण पिल्लूं मांडीवर घेण्याजोगें राहतें तें कांहीं आठवडे. नंतर त्याचे दांत आणि नखें हिशेबांत धरावीं लागतात. म्हणजे नवीं पिल्लें हवींत; त्यांसाठीं वाघिणीनें पुन्हां पुन्हां व्यावें, आणि दूध पिणारीं पिल्लें तिच्यापासून लगेच तोडावींत. वाढलेल्या वाघांचें काय? ते वीस वर्षांपर्यंत जगतात आणि रोज कित्येक शेर मांस खातात. ते मागच्या अंगणांतल्या पिंजऱ्यांत जात, किंवा अशाच दुसऱ्या कोणाला दिले-विकले जात. चुनीच्या हकीकतींतील तेंच गणित हें, फक्त अधिक वेगानें चालणारें. लहानपणीं मिळकत, मोठेपणीं अडगळ.

त्याचा शेवटहि एकदां चुनीच्या शेवटासारखाच झाला. ओहायो राज्यांत झेन्सव्हिल गांवाजवळ एका खाजगी मालकानें वाघ, सिंह, अस्वलें, बिबळे असा मोठा संग्रह केला होता. १८ ऑक्टोबर १९११ नव्हे, बरें का, २०११ ची ही गोष्ट आहे! त्या दिवशीं त्यानें आपल्या बहुतेक जनावरांचे पिंजरे उघडले आणि आत्महत्या केली. संध्याकाळ होत आली होती, जवळून हमरस्ता जात होता, लोकवस्ती होती. पोलिसांना गोळ्या घालण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं, आणि ४८ जनावरें मारलीं गेलीं. त्यांत १८ वाघ होते. जिवंत हातीं लागलीं तीं सहा. क्रॉसप्रमाणेंच ओहायोच्या पोलिसांपुढेंहि त्या घटकेला दुसरा मार्ग नव्हता. मार्ग होता तो त्यापूर्वीं, आणि तो कोणीं बांधलेला नव्हता. पुढील वर्षीं त्या राज्यानें कायदा केला. पिल्लें हाताळूं देण्याचा व्यवहार आणि वाघ-सिंह खाजगी हौसेनें पाळणें यांवर सबंध देशास लागू असा कायदा होण्यास २०२२ चा डिसेंबर उजाडला.

आपल्याकडे या विषयाचा इतिहास सर्कशीच्या तंबूंतून जातो. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० मध्यें ग्रेट इंडियन सर्कस काढली. त्यांच्या मागून देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी आल्या. मराठी माणसाच्या साहसाचा हा भाग अभिमानानें सांगावा असाच आहे. फक्त रिंगणांतील दहा मिनिटें संपल्यावर गाडीवरच्या पिंजऱ्यांत वाघ उरलेले तास कसे काढी, हा प्रश्न तिकिटांत येत नव्हता. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या कायद्यानें ‘प्राणी’ म्हणजे मनुष्येतर कोणताहि जीव अशी व्याख्या करून पाळीव-रानटी हा घोळ कायमचा मिटविला. अपुऱ्या जागेंत कोंडणें हाहि त्यानें गुन्हा ठरविला. त्या गुन्ह्यास पहिल्या खेपेस दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अरण्यांतील वाघासाठीं झाला. प्राणिसंग्रहालयांचें प्रकरण त्यांत १९९१ च्या दुरुस्तीनें आलें.

त्या दुरुस्तीअन्वयें १९९२ मध्यें केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण नेमण्यांत आलें आणि मान्यतेवांचून प्राणिसंग्रहालय चालविण्यास बंदी झाली. तपासणीस सुरुवात झाली तेव्हां देशाचें खरें चित्र पुढें आलें. नगरपालिकांच्या बागांत, सहलीच्या ठिकाणीं, कारखान्यांच्या आवारांत जागोजागीं ‘मिनी झू’ निघालेले. कोठें सिमेंटच्या खोलींत एकटें अस्वल, कोठें दाटीवाटीनें चितळें, कोठें घाणेरड्या डबक्यांत मगर. वैद्य नाहीं, नोंदवही नाहीं. प्राधिकरणानें पांचशेंवर ठिकाणें तपासलीं, आणि त्यांपैकीं तीनशेंहून अधिक बंद पडलीं. हें काम गाजावाजा न होतां झालें, आणि माझ्या मतें वन्य पशूंच्या बाबतींत स्वतंत्र हिंदुस्थानांत झालेल्या उत्तम कामांपैकीं तें एक आहे. मान्यता मिळालेल्या सर्वच ठिकाणीं जनावर सुखांत असतें, असा मात्र याचा अर्थ कोणीं घेऊं नये.

सर्कशीच्या बाबतींत झगडा अधिक झाला. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळांसाठीं शिकविण्यास व दाखविण्यास मनाई करणारी सरकारी अधिसूचना १९९८ मध्यें निघाली. सर्कसवाल्यांनीं तिला केरळच्या उच्च न्यायालयांत आव्हान दिलें. आमचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क हिरावला जातो, हें त्यांचें म्हणणें. उच्च न्यायालयानें तें २००० मध्यें फेटाळलें आणि सर्वोच्च न्यायालयानें २००१ मध्यें तोच निकाल कायम केला.

निकाल झाला, आतां जनावरांचें करावयाचें काय? हा प्रश्न क्रॉसच्या माडीवर कोणीं सोडविलेला नव्हता, ओहायोंतहि नव्हता. तुरुंगांतून माणूस सुटला तर तो घरीं जातो. सर्कशींतील सिंहाला घर नव्हतें. त्यांतील पुष्कळसे आफ्रिकेचा सिंह आणि गीरचा सिंह यांच्या संकरांतून, पिंजऱ्यांतच जन्मलेले होते. शिकार करण्याचें शिक्षण त्यांना नव्हतें, आणि गीरच्या अरण्यांत त्यांना सोडणें म्हणजे तेथील शुद्ध जात बिघडविणें झालें असतें. म्हणून भोपाळचें वनविहार, बंगळूरजवळील बन्नेरघट्टा, चेन्नईजवळील वंडलूर, तिरुपति, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणीं त्यांच्यासाठीं आश्रयस्थानें बांधण्यांत आलीं. तेथें त्यांची वीण वाढूं देण्यांत आली नाहीं. कोणाचे दांत पडलेले, कोणाचे पाय आंखडलेले. मोकळ्या अंगणांत जाण्याचें दार उघडलें तरी कांहीं सिंह पुष्कळ दिवस उंबऱ्याच्या आंतच बसून राहत, आणि मग एखादे दिवशीं मातीवर पाय ठेवीत. तेथें वैद्य होते, सावली होती, वेळेवर मांस होतें. एकेक करून ते म्हातारे होऊन गेले. या आश्रयस्थानांत प्रेक्षकांस प्रवेश ठेवलेला नव्हता.